हळदीचं दूध आणि इर्ल्याचं पाणी

गणपती दूध प्यायले तो दिवस आठवतोय का? २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. मी नववीत होतो, शाळेतून घरी आलो तर आई नाही, शेजारच्या काकू नाहीत, जिन्यात चिटपाखरू नाही, सगळी बिल्डिंग वाट्या-चमचे घेऊन देवळात. आम्ही मुंबईत पार्ले पश्चिमेला राहायचो (अजूनही तिथेच आहोत), इर्ल्यापासून चालत दहा मिनिटं. देवळाची रांग पार कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत आली होती आणि डेअरीतलं दूध दुपारीच संपलं होतं, त्यामुळे संध्याकाळचा चहा कोरा झाला आणि बाबांना चमत्कारापेक्षा तेच जास्त झोंबलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाबा शाळेत फिजिक्स शिकवायचे. त्यांनी आईच्या वाटीत उरलेलं दूध घेतलं, त्यात चिमूटभर हळद घातली आणि देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलून ताम्हणात ठेवला. आजी ओरडलीच, आंघोळ न करता देवाला हात लावतोस म्हणून. बाबांनी चमचा काठोकाठ भरून सोंडेला टेकवला आणि हळूहळू चमचा रिकामा व्हायला लागला, झालं, आजीने तिथल्या तिथे हात जोडले. मग बाबा म्हणाले आता खाली बघ. सोंडेवरून पोटावर, पोटावरून पायाशी पिवळी रेघ उतरली होती आणि ताम्हणात हळदीचं दूध जमलं होतं. पांढरं दूध पांढऱ्या संगमरवरावरून ओघळलं तर दिसत नाही, हळद घातली की दिसतं, एवढंच. दिल्लीत सरकारी वैज्ञानिकांनी पण तेव्हा दुधात रंग घालून हेच दाखवलं होतं, पण ते आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं.

आता माणसाने इथे थांबावं की नाही? बाबा ती पिवळी वाटी घेऊन देवळाच्या रांगेत गेले. कोणी मारलं वगैरे नाही, मास्तर होते, अर्ध्या रांगेची पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. पण आमच्या सोसायटीचे तेव्हाचे सेक्रेटरीकाका पुढे आले आणि म्हणाले, "मास्तर, लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे. आणि एवढी हिंमत असेल ना, तर हेच जरा मशिदीत जाऊन करून दाखवा."

बाबा म्हणाले, "मशिदीत मूर्ती नसते हो."

रांगेतली दोन-चार माणसं हसली. काका मात्र नंतर सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत, आणि आमच्या पाण्याच्या टाकीची तक्रार पण तेवढेच महिने पेंडिंग राहिली.

मध्ये अकरा वर्षं गेली. ऑगस्ट २००६, माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं. माहीमच्या दर्ग्यातल्या मखदूम शाह बाबांची कृपा म्हणून रात्रीतून लोक लोटले, आणि त्यात हिंदू, मुसलमान सगळेच होते. मी ऑफिसच्या मित्रांबरोबर बघायला गेलो होतो, गुडघाभर पाण्यात उभं राहून लोक बिसलेरीच्या बाटल्या भरत होते, पाण्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य, आणि एक बाई आपल्या तान्ह्या पोराला चमच्याने ते पाणी पाजत होती, ते दृश्य आजही आठवलं की पोटात कालवतं. पालिका बोंबलून सांगत होती की पिऊ नका, मिठी नदी सगळ्या शहराची घाण घेऊन तिथेच समुद्राला मिळते. पावसाळ्यात नदीचं पाणी भरपूर आलं की खाडीचा खारेपणा कमी होणारच, त्याला काय लागतंय. आमचे काका तेव्हा जिन्यात जोरात म्हणाले, "बघा, काय अडाणी लोक आहेत, गटार पितायत." दोनच दिवसांनी उत्तरेतून बातमी आली की देव पुन्हा दूध प्यायला लागलेत. काका जिन्यातून गुपचूप गेले.

आणि मग २०१२ चा मार्च. या वेळी घटना अक्षरशः आमच्या दारात, इर्ल्याच्या वेलांकनी माउलीच्या चर्चमध्ये. क्रुसावरच्या येशूच्या पायातून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. लोक यायला लागले, प्रार्थना, मेणबत्त्या, पाणी बाटलीत भरून न्यायला लागले. आमच्या तळमजल्यावरच्या आंटीने पण आणलं. आंटी म्हणजे ईस्ट इंडियन, मुंबईतल्या मूळच्या कॅथलिकांपैकी, पिढ्यान् पिढ्या पार्ल्यातली, तिचं मराठी आमच्यापेक्षा ठसकेबाज आणि तिच्या बॉटल मसाल्यावर आमचं अर्धं घर जगलेलं. तिने ती छोटी बाटली तिच्या आल्तारवर ठेवली.

एका टीव्ही चॅनलच्या बोलावण्यावरून सनल एडामरुकू आले. इंडियन रॅशनलिस्ट असोसिएशनचे अध्यक्ष. हे तेच, २००८ मध्ये एका तांत्रिकाने यांना टीव्हीवर लाइव्ह मंत्राने मारून दाखवतो म्हणून आव्हान दिलं होतं आणि हे तासन् तास हसत बसून राहिले, तो व्हिडिओ मी कमीत कमी पन्नास लोकांना ईमेल केला असेल. तर एडामरुकूंनी इर्ल्यात येऊन क्रूस पाहिला, भिंत पाहिली, भिंतीमागे काय आहे ते पाहिलं. जवळच स्वच्छतागृह, त्याचा निचरा तुंबलेला, ते पाणी भिंतीत मुरलेलं, भिंतीतून क्रुसाच्या तळाशी आणि तिथून वर चढत खिळ्याच्या भोकातून बाहेर. केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढतं ते. बाबांनी बातमी बघून मला मुद्दाम फोन करून सांगितलं की पंचाण्णवला मुख्यतः पृष्ठताण, म्हणजे दुधाच्या पृष्ठभागाची ओढ होती, हे केशाकर्षण आहे, दोन्हीत घोळ करू नकोस. (मास्तर रिटायर होतो, मास्तरकी होत नाही.)

एवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित मिटलंही असतं. कारण चर्चने हा चमत्कार आहे असं अधिकृतपणे कधी म्हटलंच नव्हतं. पण टीव्हीवरच्या चर्चेत एडामरुकू पुढे गेले, चर्च विज्ञानविरोधी आहे, चमत्कारांवर धंदा चालतो वगैरे बोलले, समोरच्यांनी माफी मागायला सांगितलं, ते मागेनात. मग मुंबईतल्या वेगवेगळ्या पोलीस स्टेशनांत कॅथलिक संघटनांच्या तक्रारी, कलम २९५अ, धार्मिक भावना दुखावल्या. अटकेची टांगती तलवार आली आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले. म्हणजे तुंबलेल्या पाइपचं निदान केलं म्हणून माणूस देशाबाहेर, आणि पाइप कोणी दुरुस्त केला की नाही हे मात्र एकाही चॅनलने दाखवलं नाही.

आता माझा मुद्दा. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या आठवड्यात एडामरुकू हीरो होते! तेच काका, आता केस पांढरे, कट्ट्यावर बसून म्हणाले, "याला म्हणतात खरा वैज्ञानिक दृष्टिकोन. काय तो माणूस, काय त्याची हिंमत." मी म्हटलं काका, पंचाण्णवला आमचे बाबा हेच तर करत होते. तर म्हणाले, "तुझ्या बाबांचं वेगळं होतं रे." काय वेगळं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, कारण टाकीचा विषय नेमका पुन्हा निघालेला.

पुढच्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायद्यावरून रान उठलेलं होतं तेव्हा हेच काका "हा हिंदूंविरुद्धचा डाव आहे, वारी बंद पाडणार" असे मेसेज पाठवत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या, चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. वारी चालू आहे, मी दर वर्षी टीव्हीवर बघतो. आणि त्या कायद्याखालचा पहिला गुन्हा नांदेडात दाखल झाला तो दोन मुसलमान वैदूंवर, असाध्य रोग बरे करतो अशी जाहिरात करत होते म्हणून. हे मी तेव्हा ग्रुपवर टाकलं होतं. एक अंगठासुद्धा आला नाही.

पण काकांची मजा उडवणं सोपं आहे, मी जरा स्वतःकडे येतो. एडामरुकूंवर गुन्हे दाखल झाल्यावर माझ्या एका मैत्रिणीने त्यांच्या बाजूने सह्यांचं एक ऑनलाइन पिटिशन पाठवलं. तांत्रिकाचा व्हिडिओ पन्नास लोकांना पाठवणारा मी, सही केली नाही. मनात काय काय आलं ते प्रामाणिकपणे सांगतो, आंटीला वाईट वाटेल, ख्रिश्चन म्हणजे आधीच मूठभर लोक, त्यांच्यावर कुठे कुठे हल्ले होतात, आपण बहुसंख्याकांनी अशा वेळी जरा दमाने घ्यावं, आणि शिवाय तो माणूस जरा उद्धटच बोलला नाही का. ऐकायला किती छान, किती समंजस. काका म्हणतात "लोकांच्या भावना" आणि मी म्हणतो "संवेदनशीलता", शब्द माझा जरा उच्चभ्रू एवढाच फरक, माणूस फिनलंडला जायचा तो गेलाच.

आणि हे एकदाच झालं असंही नाही. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसला शार्ली एब्दो या व्यंग्य साप्ताहिकावरच्या हल्ल्यात बारा माणसं मारली तेव्हा मी पण प्रोफाइल फोटो काळा केला होता. त्याच महिन्यात आपल्या मुंबईत शिरीन दळवी यांनी, त्या 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक होत्या, त्याच साप्ताहिकाचं पैगंबरांचं व्यंगचित्र असलेलं एक मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. दुसऱ्या दिवशी माफीही छापली. तरी तक्रारी, मुंब्र्यात अटक, मग जामीन, पेपरची आवृत्ती बंद, नोकरी गेली, घर सोडून लपून राहायची पाळी. पॅरिससाठी फोटो काळा करणारा मी मुंब्र्यासाठी काय केलं? काहीही नाही. मुंब्रा म्हणजे ठाण्याच्या पुढे, लोकलने तासाभरावर. "त्यांच्या समाजातला मामला आहे, आपण काय बोलणार," हे वाक्य मी तेव्हा म्हटलेलं मला चांगलं आठवतंय. अरे पण मुसलमान बाईने मुसलमानांच्या रागाला तोंड द्यायचं आणि आपण बाहेरून शुभेच्छा द्यायच्या, हाच तर हमीद दलवाईंचा अनुभव होता ना? १९६६ मध्ये सात मुसलमान बायकांना घेऊन तो माणूस तलाकविरोधात मोर्चा घेऊन गेला. सात! त्यांना घरचे शिव्या देत होते आणि बाहेरचे दोन प्रकारचे, एक म्हणणारे आत्ता नको, आणि दुसरे टाळ्या वाजवणारे, पण टाळ्या अशासाठी की बघा तुमचाच माणूस तुम्हाला बोलतोय. या दुसऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या घरात एखादा दलवाई निघाला की टाळ्या बंद.

कायद्याचं म्हणाल तर त्याची जन्मकथाच सगळं सांगून जाते. १९२० च्या दशकात लाहोरला पैगंबरांवर एक टवाळखोर पुस्तिका निघाली, प्रकाशकावर खटला चालला, हायकोर्टाने सोडलं कारण तेव्हाच्या कायद्यात ते बसत नव्हतं. मग आरडाओरड, आणि १९२७ ला हे २९५अ आलं. त्यावर विचार करणाऱ्या समितीत जिना होते आणि त्यांनीच बजावलं होतं की इतिहास लिहिणारे, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यात सापडता कामा नयेत. म्हणून तर कलमात "जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने" असे शब्द आहेत. पण ते शब्द कामाला येतात खटल्याच्या शेवटी, आणि आपल्याकडे खरी शिक्षा सुरुवातीलाच असते, चार पोलीस स्टेशनांत चार तक्रारी, अजामीनपात्र गुन्हा, वकिलाची फी, घरच्यांचे चेहरे. आणि लोकांना शांत करायला म्हणून हा कायदा आणला, तरी त्या प्रकाशकाचा १९२९ ला खून झालाच. आता दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, २९५अ चं २९९ झालं. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत.

या कलमामुळे एक विचित्र स्पर्धा लागलेली आहे. ज्याची भावना जास्त दुखते त्याचं ऐकलं जातं, मग प्रत्येक जण आपली भावना जास्त हळवी करत जातो. त्यांचं पुस्तक बंद झालं मग आमचं का नाही. त्यांच्या सिनेमावर बंदी आली मग आमच्याही आणा. बंदी उठवा म्हणून मोर्चा काढलेला मी तरी आमच्या भागात बघितला नाही. आणि काही जणांना तर कलमापर्यंत जायचीसुद्धा गरज वाटत नाही, २०२२ च्या जूनमध्ये अमरावतीत एका औषध दुकानदाराला पैगंबरांबद्दलच्या वक्तव्यावरून वादात सापडलेल्या नूपुर शर्मांच्या बाजूच्या पोस्ट फक्त फॉरवर्ड केल्या म्हणून रात्री दुकान बंद करून घरी जाताना भोसकून मारलं. त्या वेळी "पण त्याने तसं फॉरवर्ड करायला नको होतं" म्हणणारे माझ्या ओळखीचे लोक होते, चांगले शिकलेले, पुरोगामी, दाभोलकरांच्या स्मृतिदिनाला न चुकता पोस्ट टाकणारे. त्यातला एकही दाभोलकरांबद्दल "पण त्यांनी तसं बोलायला नको होतं" म्हणणार नाही. ते वाक्य दाभोलकरांबद्दल काका म्हणतात.

मराठी माणसाला तर यातलं काही नवीन वाटायला नको. आगरकरांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघितली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, का, तर शूद्राने वेदांचा अर्थ सांगितला आणि त्याने कोणाच्या तरी भावना दुखावल्या. ती कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. आणि २००९ मध्ये काय झालं, आनंद यादवांनी तुकोबांवर कादंबरी लिहिली होती, 'संतसूर्य तुकाराम', त्यावरून वारकरी संघटना भडकल्या, यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी भागलं नाही आणि महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. संमेलन अध्यक्षाशिवाय झालं. झोंबी लिहिणारा माणूस हो, कागलच्या मातीतून वर आलेला. कादंबरी मला स्वतःला फारशी आवडली नव्हती, तरुण तुकारामाबद्दलची काही पानं उगाचच वाटली. पण म्हणून काय झालं? वह्या तरल्या या गोष्टीने ज्यांना गहिवरून येतं त्यांनीच पुन्हा एक पुस्तक पाण्यात सोडायला लावलं आणि या वेळी वर आणायला इंद्रायणी नव्हती.

"हिंमत असेल तर त्यांच्यावर बोला" या वाक्याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधत होतो, म्हणजे बाबांच्या मूर्ती नसण्याच्या उत्तरापलीकडचं. मला आता असं वाटतं की टीका करणाऱ्याने कोटा भरायचा नसतो. दाभोलकर साताऱ्यात हिंदू घरात वाढले, त्यांना जे आतून माहीत त्यावर ते जास्त बोलणार. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, ते मुसलमान समाजावर बोलणार. त्यांना "दोन आमच्यावर बोललात, आता दोन त्यांच्यावर बोला" असं सांगणं म्हणजे दाताच्या डॉक्टरला डोळे पण तपासा म्हणण्यासारखं आहे. कोटा भरायचा तो आपण, जे बघे आहोत त्यांनी. पोलिसांनी, कोर्टाने, पेपरांनी, पिटिशनवर सह्या करणाऱ्यांनी आणि न करणाऱ्यांनी. तिथे मात्र दोन्ही पारडी दिसली पाहिजेत, एडामरुकूंनी तांत्रिकाला हसलं तेव्हा जी सही केली असती ती इर्ल्यालाही केली पाहिजे. मी केली नाही, हे वर सांगितलंच आहे, त्यामुळे मला कोणाला शिकवायचा अधिकार आहे असं काही नाही.

परवा आंटीकडे गेलो होतो. आता ती ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत, मसाला मुलगी करते. तिच्या भिंतीला ओल आलीय म्हणून प्लंबर बोलावला होता आणि माझ्या ओळखीचा म्हणून मी बरोबर गेलो. प्लंबरने भिंतीला हात लावून सांगितलं, वरच्या मजल्याचा ड्रेनेजचा पाइप लीक आहे, पाणी भिंतीतून चढतंय. मी गप्प. आंटी पण गप्प. मग तीच म्हणाली, "हसतोस काय रे मेल्या. मला तेव्हा पण माहीत होतं. पायखान्याच्या मागेच ती भिंत, लहानपणापासून जातेय मी तिथे, मला कळत नाही?"

मी म्हटलं मग आंटी, तेव्हा बोलली का नाहीस.

"मी बोलले होते की, फादरला सांगितलं प्लंबर बोलवा म्हणून. पण आमचं आम्ही बोलू. तो बाहेरून येऊन टीव्हीवर आमच्या धंद्याचं बोलला ते मला नाही आवडलं."

"म्हणून त्याला जेलमध्ये टाकायचं?"

ती बराच वेळ प्लंबरकडे बघत राहिली. तो प्लास्टर ठोकून बघत होता. "जेल कशाला," ती म्हणाली, "एक मुस्कटात दिली असती की झालं असतं." मग स्वतःच हसली आणि आल्तारकडे बघितलं. बाटली अजून तिथेच आहे, तळाला हिरवट साका जमलाय, झाकणाला गंज. मी बघतोय हे तिने बघितलं.

"तुझ्या बाबांना सांगू नको," म्हणाली, "ते वास घ्यायला येतील."